बंद म्हणजे रिकामं नव्हे : सीएनजी गाडीतलं प्रेशर कसं काढतात

सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचा गॅस फिल्टर बदलायचा आहे. किल्ली काढलेली आहे, इंजिन थंड आहे, सिलिंडरवरचा व्हॉल्वही फिरवून बंद केलाय. आता फिल्टरच्या नटाला पाना लावायला काय हरकत आहे?

हरकत आहे, आणि ती समजण्यासाठी आधी एक छोटा हिशेब करू. सिलिंडर मागे आणि रेग्युलेटर, म्हणजे गॅसचा दाब कमी करणारा भाग, पुढे असेल, तर त्यांना जोडणारी पोलादी नळी साधारण चारेक मीटर लांब धरू. आतलं भोक 4 मिलिमीटरचं. एवढ्या नळीत मावेल फक्त 50 मिलिलिटर, म्हणजे खोकल्याच्या औषधाची छोटी बाटली. पण त्या बाटलीभर जागेत 200 बार दाबाने गॅस कोंबलेला असतो. तो मोकळ्या हवेत आला की 12 लिटर होतो. (200 बार म्हटल्यावर 200 पट, म्हणजे 10 लिटर व्हायला हवा, असं कुणी म्हणेल. पण इतक्या दाबाखाली मिथेन, म्हणजे सीएनजीतला मुख्य वायू, साध्या नियमापेक्षा थोडा जास्तच दबतो.) मिथेन हवेत 5 टक्के मिसळला की मिश्रण पेट घेऊ शकतं. म्हणजे 12 लिटर गॅसपासून 240 लिटर पेटण्याजोगी हवा तयार होऊ शकते, मोठं पिंप भरून वर सांडेल एवढी. हे सगळं एका नळीतून, सिलिंडर बंद असताना.

गॅस बंद करणं आणि दाब काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम दुसऱ्याची सुरुवात आहे, एवढंच. कुकरखालची आच बंद केली म्हणून आपण लगेच झाकण उघडत नाही, हे शिकवायला कुणी लागत नाही. पण कुकर निदान शिट्टी देतो, हाताला चटका देतो. सीएनजीची भरलेली नळी आणि रिकामी नळी बाहेरून अगदी सारखी दिसते, आणि आतला फरक 200 बारचा असतो.

200 बार म्हणजे नेमकं किती? कारच्या टायरमध्ये साधारण 2.2 बार हवा असते. म्हणजे हा दाब त्याच्या नव्वद पट. दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे 200 किलो वजन ठेवल्यासारखा. काही देशांत गाड्यांचे सिलिंडर 200 बारला भरतात, काही ठिकाणी 250 बारला. वरच्या 4 मिलिमीटरच्या भोकाच्या तोंडाशी हा दाब 25 किलोचा धक्का देतो. नट शेवटच्या आट्यावर आला आणि नळी सुटली, तर तिचं टोक त्या धक्क्याने उडतं. मिथेन विषारी नाही, पण त्याचा बारीक झोत त्वचेतून आत शिरू शकतो, डोळ्यात धातूचा कण घालू शकतो, आणि जवळच्या कानाला कायमची इजा करू शकतो. आग ही यानंतरची गोष्ट.

गॅस कुठेकुठे अडकून बसतो

दाब काढायचा तर तो कुठे आहे हे आधी माहीत हवं. गाडी म्हणजे एक टाकी आणि एक नळी, असं डोक्यात असेल तर चुकायला होतं. या यंत्रणेत एकामागोमाग एक बंद कप्पे असतात, आणि प्रत्येक कप्पा आपला गॅस स्वतंत्रपणे धरून बसतो.

सगळ्यात मोठा कप्पा अर्थातच सिलिंडर. 60 लिटर पाणी मावेल एवढ्या सिलिंडरमध्ये 200 बारला साधारण 10 किलो गॅस बसतो. त्याच्या तोंडावर सहसा दोन दारं असतात : एक हाताने फिरवायचा व्हॉल्व आणि एक विजेवर उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व. इंजिन चालू असताना सोलेनॉइड उघडा राहतो, किल्ली बंद केली की स्प्रिंगच्या जोरावर मिटतो. सुरक्षेसाठी ही व्यवस्था उत्तम. पण तिचा दुसरा अर्थ असा, की किल्ली बंद करताक्षणी नळीतला गॅस आहे त्या दाबाला तिथेच कोंडला जातो. गाडी बंद केल्याने दाब उतरत नाही. उलट तो जपून ठेवला जातो.

सोलेनॉइडपासून रेग्युलेटरपर्यंतचा भाग हा दुसरा कप्पा, उच्च दाबाचा. फिल्टर बहुतेकदा यातच असतो. रेग्युलेटर हा दाब खूप खाली आणतो, किटच्या प्रकारानुसार काही बारपर्यंत, आणि तिथून पुढे इंजेक्टरपर्यंत तिसरा कप्पा. तिथला दाब कमी असला तरी ज्वलनशील गॅस तोच असतो, आणि काही बार म्हणजेही टायरपेक्षा जास्तच.

चौथा कप्पा लोक हटकून विसरतात : गॅस भरायच्या तोंडापासून सिलिंडरपर्यंतची नळी. भरण्याच्या तोंडात एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व असतो, गॅस आत जाऊ देणारा, बाहेर न येऊ देणारा. काही गाड्यांत ही नळी मुख्य नळीला जोडलेली असते, काहींत थेट सिलिंडरच्या व्हॉल्वकडे जाते. दुसऱ्या प्रकारात इंजिन कितीही चालवलं तरी ती नळी रिकामी होणार नाही, कारण तिच्यातला गॅस इंजिनाच्या वाटेवरच नाही. म्हणून एखाद्या गाडीवर काम सुरू करण्याआधी तिचा नळ्यांचा नकाशा बघणं हा वेळेचा अपव्यय नाही. माझ्या मते कामाचा निम्मा भाग तिथेच होतो.

बस-ट्रकसारख्या गाड्यांत चार, सहा, आठ सिलिंडर असतात आणि प्रत्येकाला आपला व्हॉल्व. सातच बंद केले तर आठवा एकटा पूर्ण नळी भरलेली ठेवायला पुरेसा आहे.

गॅस जाळूनच संपवायचा

नळीतला गॅस बाहेर सोडण्याची सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे गाडीचं इंजिन. जे जळून गेलं ते छताखाली साचत नाही. म्हणून पद्धत अशी : गाडी उघड्यावर घ्यायची, सिलिंडरवरचा हाताचा व्हॉल्व बंद करायचा, आणि मग इंजिन गॅसवर चालू करायचं. नळीत उरलेला गॅस इंजिन ओढून घेतं, दाब उतरत जातो, इंजिन अडखळतं आणि बंद पडतं. बंद पडल्यावर पुन्हा एक-दोनदा स्टार्टर मारतात, म्हणजे उरलासुरला गॅसही खेचला जातो.

यात क्रमाला महत्त्व आहे. आधी व्हॉल्व, मग इंजिन. उलट केलं, म्हणजे किल्ली काढून मग व्हॉल्व फिरवला, तर पूर्ण दाबाची नळी दोन्ही बाजूंनी बंद करून ठेवली, एवढंच होतं. आणि व्हॉल्व बंद करायचा तो हाताचा. सोलेनॉइडच्या भरवशावर राहायचं नाही. त्याच्या सीटवर, म्हणजे मिटताना तो जिथे टेकतो त्या जागी, कचऱ्याचा एक कण बसला तरी तो झिरपू शकतो, शिवाय कुणी नकळत किल्ली फिरवली तर उघडूही शकतो.

पेट्रोलवरही चालणाऱ्या गाडीत इथे एक फसगत आहे. नळीतला दाब ठराविक मर्यादेखाली गेला की गाडीचा संगणक न सांगता पेट्रोलवर जातो. इंजिन अडखळतच नाही, मजेत चालत राहतं. बाहेर उभ्या माणसाला वाटतं अजून गॅस संपायचा आहे, किंवा वाटतं संपला, आणि दोन्ही अंदाज चुकीचे ठरू शकतात. खरं म्हणजे गाडीने गॅसचा नाद सोडलेला असतो आणि नळीत रेग्युलेटरला जेवढा दाब लागतो साधारण तेवढा शिल्लक असतो. केवळ गॅसवर चालणाऱ्या गाडीतही इंजिन बंद पडलं याचा अर्थ एवढाच, की आता गॅस इंजिनाला पुरत नाही. नळीत काहीच नाही असा त्याचा अर्थ नव्हे.

हा उरलेला दाब हाताने काढावा लागतो. त्याआधी किल्ली काढून ठेवायची आणि बॅटरीची ऋण तार सोडायची. ही तार सुटताना बारीक ठिणगी पडू शकते, म्हणून ते काम गॅस बाहेर येण्याच्या आधी उरकायचं, नंतर नाही. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, कानात बोळे. अनेक गाड्यांत फिल्टरला किंवा रेग्युलेटरला गॅस सोडण्याचा छोटा स्क्रू किंवा तोटी दिलेली असते. असेल तर तीच वापरायची. नसेल, आणि उत्पादकाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तशी परवानगी असेल, तरच ठरवून दिलेला नट सैल करतात. एका पान्याने फिटिंगचा मुख्य भाग घट्ट धरायचा, दुसऱ्याने नट अगदी किंचित फिरवायचा. चेहरा आणि शरीर नळीच्या रेषेत येऊ द्यायचं नाही. हिस्स आवाज आला की हात थांबवायचा. आवाज पूर्ण विरेपर्यंत नट पुढे फिरवायचा नाही. पाव मिनिट वाचवण्याच्या मोहात इथेच माणसं नट काढून मोकळी होतात.

शून्य दाखवणाऱ्या काट्यावर किती विश्वास ठेवायचा

फारसा नाही. 400 बारपर्यंत मोजणाऱ्या गेजवर 5 बार म्हणजे काट्याची जेमतेम हालचाल. डोळ्यांना तो शून्यावरच दिसतो, आणि 5 बार म्हणजे टायरच्या दुपटीहून जास्त. शिवाय गेज कुठे बसवलंय हाही प्रश्न आहेच. ते एका कप्प्याचा दाब सांगतं, शेजारच्या कप्प्याचा नाही. डॅशबोर्डवरचे दिवे तर इंधन किती उरलं हे सांगण्यासाठी आहेत. त्यांच्याकडून पान्याला परवानगी मागायची नसते.

आवाज थांबला म्हणजे तरी दाब संपला का? नेहमी नाही, आणि याचं कारण मला या सगळ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटतं. जास्त दाबाचा गॅस बारीक फटीतून बाहेर येताना पसरतो आणि पसरताना थंड होतो. 200 बारवरून मोकळ्या हवेत येताना तो साध्या हवामानातही शून्याच्या बराच खाली जातो. म्हणून तर रेग्युलेटरमधून इंजिनाचं गरम पाणी फिरवलेलं असतं. नाहीतर तो चालता चालता गोठला असता. आता गॅसमध्ये थोडी जरी ओल असेल, तर फटीच्या तोंडाशी बर्फ धरतो. त्यातही मिथेन आणि पाणी यांची एक खोड अशी, की जास्त दाबाखाली दोघं मिळून बर्फासारखा घन पदार्थ बनवतात, आणि तो शून्य अंशाच्या वरसुद्धा टिकतो. या बर्फाचं बूच बसलं की हिस्स आवाज थांबतो. माणूस समजतो नळी रिकामी झाली. मागे दाब तसाच असतो. फिटिंग कोमट झालं, बूच सुटलं, की उरलेला गॅस एका दमात बाहेर.

म्हणून आवाज थांबल्यावर घाई करायची नाही. फिटिंगवर दव किंवा पांढरा थर धरला असेल तर तो आपोआप जाईपर्यंत थांबायचं. हिटर किंवा ज्योत लावून वितळवण्याचा विचार डोक्यात येणाराही असतो, म्हणून लिहितो : तिथे गॅस आहे. नळी पुन्हा नेहमीच्या तापमानाला आल्यावर तोटी परत एकदा उघडून बघायची. या थांबण्याचा आणखी एक फायदा आहे. सिलिंडरचा व्हॉल्व बारीक झिरपत असेल, तर तेवढ्या वेळात बंद कप्प्यात दाब पुन्हा चढतो आणि दुसऱ्यांदा उघडताना पुन्हा हिस्स ऐकू येतं. तसं झालं तर ते काम तिथेच थांबवायचं. आता दुरुस्ती फिल्टरची उरलेली नाही, सिलिंडरच्या व्हॉल्वची झाली आहे, आणि ती भरल्या सिलिंडरवर करता येत नाही.

जागेबद्दल थोडं. मिथेन हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा, त्यामुळे तो वर जातो. उघड्यावर हा त्याचा मोठा गुण आहे, क्षणात विरून जातो. बंद शेडमध्ये तोच दोष होतो, कारण तो छताच्या पोकळीत साचतो, जिथे दिवे, पंखे आणि वायरिंग असतं. एलपीजीच्या गाड्यांवर काम केलेल्या माणसाला सवय असते खड्डे आणि गटारं तपासायची, कारण एलपीजी जड असतो आणि खाली बसतो. सीएनजीत नजर वर हवी. पेटण्यासाठी लागणारी ठिणगी किती मोठी? 0.3 मिलिज्यूलपेक्षाही कमी ऊर्जेची. कृत्रिम धाग्याचे कपडे घातल्यावर बोटाला जाणवते ती स्थिर विजेची चुणूक याहून मोठी असते. त्यामुळे फक्त सिगारेट विझवून भागत नाही. गाडीचा सांगाडा जमिनीला तारेने जोडतात, फोन लांब ठेवतात, आणि सुती कपडे घालतात ते याचसाठी.

नाकावरही एका मर्यादेपर्यंतच भिस्त ठेवावी. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. जो येतो तो मुद्दाम मिसळलेल्या गंधकयुक्त रसायनाचा, आणि तो इतका उग्र ठेवलेला असतो की गॅस पेटण्याच्या पातळीच्या बराच आधी जाणवावा. पण त्याच वासात दहा-पंधरा मिनिटं काढली की नाक सरावतं आणि काही सांगेनासं होतं. गॅस मोजणारं छोटं यंत्र सरावत नाही.

सिलिंडरच रिकामा करायचा असेल तर हे काम वेगळ्याच जातीचं आहे. इथे मामला बाटलीभर गॅसचा नसून 10 किलोचा असतो. शक्य असेल तर गाडी चालवूनच सिलिंडर जवळपास संपवतात, तोच उत्तम मार्ग. नाहीतर खास व्यवस्था असलेल्या ठिकाणी तो गॅस दुसऱ्या साठ्यात ओढून घेतात. हवेत सोडणं हा शेवटचा पर्याय, कारण एकतर आगीचा धोका, आणि दुसरं म्हणजे शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापमान वाढवतो. सोडावाच लागला तर उंच चिमणीतून, सगळं अर्थिंग करून, आणि सावकाश. सावकाश हा शब्द आतून प्लॅस्टिकचं अस्तर आणि बाहेरून तंतूंचं वेष्टन असलेल्या हलक्या सिलिंडरांच्या बाबतीत जास्तच महत्त्वाचा. ते झपाट्याने रिकामे केले तर थंडीने आणि दाबातल्या फरकाने अस्तर आत ओढलं जाऊन वेष्टनापासून सुटू शकतं. प्लॅस्टिक वीज वाहून नेत नसल्याने त्यात स्थिर वीजही साठते.

सिलिंडरवर आणखी एक उपकरण असतं, आगीत उघडणारं. साधारण 110 अंश सेल्सिअसला त्यातला भाग वितळतो किंवा फुटतो आणि सिलिंडर स्फोट होण्याआधी स्वतःला रिकामा करतो. नावात ‘प्रेशर रिलीफ’ असल्याने काहींना वाटतं दाब काढायची सोय हीच. ते एकदाच उघडतं, आणि उघडलं की सगळं संपेपर्यंत मिटत नाही. त्याला हात लावायचा नसतो.

एलएनजीच्या ट्रकची गोष्ट यातल्या कशातच बसत नाही. तिथे गॅस उणे 162 अंशांच्या आसपास द्रवरूपात असतो, त्यात वास मिसळलेला नसतो, आणि दोन बंद व्हॉल्वमध्ये द्रव अडकला तर नुसत्या उबेने दाब चढत जातो, कारण त्याचा गॅस होताना तो सुमारे 600 पट पसरू पाहतो. सीएनजी शिकलेल्या माणसाने तिथे नवख्यासारखंच सुरू करावं.

हे वाचून कुणाला वाटलं की सुट्टीच्या दिवशी आपणच फिल्टर बदलून बघू, तर कृपया नको. उच्च दाबाची बाजू प्रशिक्षित माणसाचीच. गाडीच्या मालकाने दोन गोष्टी मात्र जरूर शिकाव्यात : आपल्या गाडीचा हाताचा व्हॉल्व कुठे आहे, आणि तो कोणत्या बाजूला फिरवल्यावर बंद होतो. गॅसचा वास आला तर इंजिन बंद, दारं उघडी, कोणतंही बटण न दाबता लांब. व्हॉल्वपर्यंत बिनधोक हात पोहोचत असेल तर तो बंद.

फिल्टर बसला, आता दाब परत आणायचा. आधी बॅटरी जोडायची, मग सिलिंडरचा व्हॉल्व हळूहळू उघडायचा. बऱ्याच सिलिंडरांत नळी तुटल्यास गॅस अडवणारं एक झापड असतं, आणि झटक्यात उघडलं तर त्याला नळी तुटल्यासारखंच वाटतं आणि ते मिटतं. मग प्रत्येक जोडावर गळती शोधायचं साबणाचं द्रावण लावून बघायचं. बुडबुडा दिसला तर नट अजून थोडा आवळावा असं हात म्हणतो. दाबाखालचा नट आवळायचा नसतो, तो आवळतानाच तुटू शकतो. पाना खाली ठेवायचा, सिलिंडरचा व्हॉल्व बंद करायचा, इंजिन चालू करायचं, आणि ते अडखळायची वाट बघत पुन्हा उभं राहायचं.